पूर्वी म्हणे कुणी आजारीच पडत नव्हतं

“आम्ही विहिरीचं पाणी प्यायलो, शेणामातीत वाढलो, खाली पडलेलं बोर सदऱ्याला पुसून खाल्लं. कुठं काय झालं? जंतूंचा बाऊ तुमच्या पिढीनं केलाय.”

बेंगळुरूतल्या मराठी घरांत हे कानावर पडलं नाही असा महिना जात नाही. बोलणारे बहुतेक सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, पुण्या-सांगली-बेळगावकडून मुलाकडे राहायला आलेले. नातवाच्या दप्तरात सॅनिटायझर, ओट्याजवळ पाणी शुद्ध करणारं यंत्र आणि तरीही वर्षातून चारदा पोराला ताप. एवढं पाहिलं की निदान तयार: जंतू टाळले म्हणून पोर नाजूक निघालं. अलीकडे या मताला शास्त्राचं बाशिंगही बांधतात. ‘हायजीन हायपॉथिसिस’, ‘मायक्रोबायोम’ असे शब्द मोबाइलवर फिरत येतात आणि लस, उकळलेलं पाणी, साबण हे सगळं कंपन्यांनी विकलेलं भय ठरतं.

हे मत मला खोडायचं आहे. त्यात खरं किती हेही सांगेन, कारण तो खरा भाग नीट समजला की उरलेलं मत आणखी लंगडं पडतं.

आधी, हे जिथं बसून बोललं जातं त्या जागेविषयी. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही बेंगळुरूची जुनी, देखणी उपनगरं. रुंद रस्ते, झाडं, घरामागे अंगण आणि त्याच्याही मागे एक अरुंद बोळ. नवख्याला वाटतं, चोरवाट असेल. ती मैला वाहून नेण्यासाठी मुद्दाम सोडलेली गल्ली. या उपनगरांची आखणी आधीच चालू झाली होती, पण दाटीवाटीच्या पेठेतून माणसं तिकडे हलली ती १८९८ च्या प्लेगनं. मुंबईत १८९६ मध्ये उतरलेला हा आजार हुबळीकडून आगगाडीनं बेंगळुरूला आला आणि हजारो माणसं घेऊन गेला. शहराबाहेर छावण्या पडल्या, घरांची कौलं उतरवून आत ऊन घेतलं गेलं, भिंतींवर कार्बोलिक ॲसिड मारलं गेलं. प्लेगच्या बंदोबस्तासाठी टेलिफोनच्या तारा ओढल्या गेल्या. पुढं लष्कराच्या कॅन्टोन्मेंट भागात फ्रेझर टाउन वसवलं ते उंदरांना थारा मिळणार नाही अशा घरांचा नमुना म्हणून. आणि लोकांनी आपल्या परीनं प्लेग मारम्माची देवळं बांधली. ती आजही आहेत, पूजाही चालते. थोडक्यात, ज्या आरामखुर्चीत बसून ‘पूर्वी कुठं होते जंतू’ असं विचारलं जातं, ती खुर्ची ज्या गल्लीत आहे ती गल्लीच एका जंतूमुळे भरली.

शहाजीराजांची जहागीर म्हणून बंगळूर आम्हा मराठी माणसांना अभिमानानं आठवतं. प्लेग मात्र आठवत नाही. वास्तविक तिथंही आपला माणूस होता: म्हैसूर संस्थानचे प्लेग कमिशनर व्ही. पी. माधवराव, म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव, कुंभकोणमच्या मराठी देशस्थ घराण्यातले. पुढं म्हैसूरचे दिवाण झाले. त्याच साथीत छावणीतल्या रोग्यांची सेवा करणारे डॉक्टर पल्पू केरळातले. जातीमुळे त्रावणकोरनं नोकरी नाकारली म्हणून ते म्हैसूरच्या चाकरीत आले होते.

महाराष्ट्रातली प्लेगची आठवण तर आणखी वेगळ्या कारणानं पुसट झाली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्लेग येतो तो पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनाच्या गोष्टीचा मागचा पडदा म्हणून. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकरांनी गोळ्या झाडल्या, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतं. त्याच दिवशी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठ वर्षांच्या निमित्तानं, बेंगळुरूत व्हिक्टोरिया हॉस्पिटलची कोनशिला बसत होती, हे कुणाला ठाऊक नसतं. रँडच्या सोजिरांनी घरात घुसून केलेले अत्याचार खरेच होते आणि त्यांचा राग रास्त होता. पण त्या रागात रोग विसरला गेला. सावित्रीबाई फुले त्याआधी तीनच महिने, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. देशभरात या साथीनं पुढच्या दोनतीन दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. एवढं मरण आपण एका साहेबाच्या खुनाच्या गोष्टीत कोंबून टाकलं आणि आता म्हणतो, पूर्वी माणसं दणकट होती.

दणकट होती ना! १९११ ते १९२१ या दशकात भारतात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. १९५१ मध्ये ते बत्तीसच्या घरात आलं. आज सत्तरच्या जवळ आहे. सरासरीचा आकडा फसवा असतो हे मला मान्य आहे. वीस वर्षं म्हणजे सगळे विशीत मरत होते असं नव्हे. चिमुकली पोरं इतकी मरत की सरासरी खाली ओढली जाई. पण म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांपेक्षा आपल्याच नावांत वाचा. धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असलं नाव ठेवायचं, म्हणजे मृत्यूला त्याची हाव सुटू नये. पाचव्या रात्री सटवाईची पूजा मांडायची, कारण पहिल्या आठवड्यात पोर जाईल ही भीती रोजची होती. विळ्यानं कापलेली नाळ, वर शेणाचा लेप, आणि आठवडा होतो न होतो तोच बाळ दूध ओढेनासं होऊन ताठरायचं. तो धनुर्वात. दोष सटवाईवर जायचा.

‘आम्हाला काही झालं नाही’ हा पुरावा म्हणूनच कुचकामी आहे. ज्यांना झालं ते गप्पा मारायला उरले नाहीत. आजोबांना विचारा, तुम्ही भावंडं किती? ‘आम्ही सहा’ असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारा: झाली किती होती? बहुतेकदा क्षणभर थांबून दुसरा, मोठा आकडा येतो.

या मंडळींची आणखी एक गंमत आहे. दणकट पूर्वजांचे दाखले देणारे आज सत्तरीचे, म्हणजे जन्म १९५० नंतरचा. त्यांनी दंडाची बाही वर करावी. तिथं देवीच्या लशीचा गोल व्रण असेल. बहुतेकांना क्षयाविरुद्धची बीसीजीही टोचलेली असते. तिची देशव्यापी मोहीम १९५१ ला सुरू झाली. १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध घरोघर डीडीटीची फवारणी आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन सामान्यांच्या आवाक्यात आलं. याच पिढीला पहिल्यांदा, जन्मापासून, सूक्ष्मजीवशास्त्राचं संरक्षण मिळालं. ते सरकारनं टोचलं, फवारलं, नळातून पाठवलं, म्हणून त्याची किंमत जाणवली नाही. श्रेय गेलं बोरांना आणि मातीला.

आता विहिरीचं पाणी. मराठवाडा-विदर्भातल्या पायविहिरींवर कवितेच्या अंगानं बोलायला मलाही आवडतं. पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायचा आणि घागर भरायची, या रीतीचा सर्वांत मोठा लाभ नारूला झाला. रोग्याच्या पायावरचा फोड पाण्यात फुटायचा, त्यातून अळ्या बाहेर पडायच्या, पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स त्या गिळायचे आणि ते सायक्लॉप्स गाव प्यायचं. वर्षभरानं कुणाच्या तरी पोटरीतून हातभर लांबीचा कृमी बाहेर यायला लागायचा आणि तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढावा लागायचा. नारू हा कृमी आहे, सूक्ष्मजीव नव्हे, हे खरं. पण विहिरीच्या पाण्याची थोरवी गाणाऱ्यांना तो पुरेसं उत्तर आहे. एकदा झाला म्हणून पुढच्या वर्षी चुकायचा नाही. कसली प्रतिकारशक्ती नि काय! तो गेला तो पायविहिरी बंद करून, हातपंप बसवून, पाणी फडक्यातून गाळून. १९९६ मध्ये शेवटचा रोगी सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. औषध नाही, लस नाही. फक्त पाणी सुधारलं.

इथं प्रतिवादी म्हणेल, नारू सोडा, पण मातीतल्या जंतूंशी झुंजून शरीर तयार होतं की नाही? तालमीत उतरल्याशिवाय पैलवान कसा होणार? ही तालमीची उपमाच सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. प्रतिकारशक्ती सरसकट वाढत नाही. ती एकेका शत्रूची ओळख लक्षात ठेवते, आणि काहींची ओळख तर तिला करूनच घेता येत नाही. धनुर्वाताचा जंतू माती-शेणातच राहतो. जन्मभर शेणात हात घातलेल्या शेतकऱ्यालाही मातीतून त्याविरुद्ध भरवशाची प्रतिकारशक्ती मिळत नाही. इतकंच काय, धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही नंतर लस द्यावीच लागते. कारण त्या विषाची जीवघेणी मात्रा इतकी सूक्ष्म असते की शरीर ते ओळखायला शिकण्याआधीच माणूस आडवा होतो. बाळंतिणी आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून २०१५ मध्ये हद्दपार झाला, तो गर्भारपणी दिलेल्या लशीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे.

याहून बोचरा पुरावा पोलिओचा आहे. घाणीनं शरीर तयार होत असतं तर तोंडातून द्यायचे पोलिओचे थेंब सर्वांत चांगले कुठं लागू पडायला हवे होते? जिथं गटारं उघडी, जुलाब पाचवीला पुजलेले, तिथं. झालं उलटं. उत्तर प्रदेश-बिहारमधल्या मुलांना डोसामागून डोस देऊनही संरक्षण अपुरं राहिलं, कारण सतत इतर जंतूंशी झगडणाऱ्या आतड्यात लशीचा विषाणू मूळ धरू शकत नव्हता. रोटाव्हायरसच्या लशीची तीच कथा: श्रीमंत देशांत अशा लशी ८५ टक्क्यांच्या वर संरक्षण देतात, आपल्या रोटाव्हॅकनं भारतातल्या चाचणीत तीव्र जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के दिलं. घाणीत वाढलेल्या मुलाचं आतडं थकलेलं असतं. अन्न नीट शोषलं जात नाही, उंची खुंटते. बेंगळुरूहून चार तासांवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गगनदीप कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडवस्त्यांतल्या मुलांमागे वर्षानुवर्षं राहून हेच काम केलं आहे.

रोटाव्हायरसवरून बेंगळुरूची एक गोष्ट आठवली आणि ती माझ्या प्रतिवाद्याच्या बाजूची आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या सी. दुर्गा राव यांच्या गटाला इथल्या नवजात बाळांत एक विलक्षण रोटाव्हायरस सापडला होता, आय-३२१. बाळांच्या शौचात विषाणू भरपूर, पण जुलाब नाहीत. त्याचं बरंचसं वाण गाईच्या विषाणूचं होतं. असाच निरुपद्रवी प्रकार दिल्लीत सापडला, ११६-ई. दोघांच्याही चाचण्या झाल्या. बेंगळुरूचा मागे पडला, दिल्लीचा पुढे गेला आणि त्यातूनच रोटाव्हॅक तयार झाली. म्हणजे ‘सौम्य जंतूशी लवकर ओळख झाली तर पुढचा आजार टळतो’ हे म्हणणं खरं आहे. फक्त कोणता जंतू, किती, कधी, आणि तो खरंच निरुपद्रवी आहे का, हे तपासून घ्यावं लागतं. तपासून घेतलेल्या अशा ओळखीलाच आपण लस म्हणतो. मातीची महती गाताना लशीला नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

आता त्या ‘हायजीन हायपॉथिसिस’कडे. डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकानं १९८९ मध्ये, १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांवर मुलांची माहिती चाळून एक निरीक्षण मांडलं: ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांमुळे होणारी सर्दी कमी. निरीक्षण ॲलर्जीचं होतं. पटकीशी, विषमज्वराशी त्याचा संबंध नव्हता आणि मुलं नळाचं शुद्ध पाणी पिणाऱ्या देशातली होती. पुढं ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्ये ते दुरुस्त करून म्हटलं की शरीराला गरज आहे ती जुन्या सोबत्यांची: माती, जनावरं, झाडं, आईचं अंग यांतून येणाऱ्या, माणसाबरोबरच उत्क्रांत झालेल्या निरुपद्रवी जंतूंची. गटारातल्या जंतूंची नव्हे. तुमच्या-माझ्या अंगात साधारण अडतीस लाख कोटी जीवाणू राहतात, आपल्या पेशींच्या तोडीस तोड. अन्न पचवतात, जीवनसत्त्वं बनवतात, उपद्रवी जंतूंची जागा अडवतात. बेंगळुरूत रोज पहाटे जे इडली-डोशाचं पीठ फुगून वर येतं तेही जीवाणूंचंच काम आहे. म्हणून नातवाला बागेत लोळू द्या, कुत्र्याशी खेळू द्या, दही-ताक भरपूर द्या, घरातल्या फरशीला रोज जंतुनाशक लावू नका. इथपर्यंत मी आजोबांच्या बाजूनं आहे. पण शौचाचा अंश मिसळलेलं पाणी हा जुना सोबती नाही.

एक तक्रार त्यांच्याविरुद्ध. जंतूंना न घाबरणारी हीच मंडळी घशात खवखव झाली की चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणतात. सर्दी विषाणूची, गोळी जीवाणूंवरची. सर्दीचं काही बिघडत नाही, बळी जातो तो पोटातल्या सोबत्यांचा. विषमज्वराचा इतिहास इथं डोळ्यांपुढे ठेवावा. क्लोरॅम्फेनिकॉल आलं तेव्हा चमत्कार वाटला होता. १९७२ मध्ये कोळिकोडला त्याला न जुमानणारा टायफॉइड आला, पुढं सिप्रोफ्लॉक्सॅसिनही बोथट झालं, आणि आता उरलेल्या दोनचार औषधांत ॲझिथ्रोमायसिन आहे, जे आपण खोकल्यावर उधळतो. विषमज्वर एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असंही नाही. तो पुन्हा होऊ शकतो. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा सार्वजनिक मोहीम काढून मुलांना टायफॉइडची नवी लस दिली. बाकीच्या शहरांनी ते अजून का केलं नाही, यावर एखादा मोर्चा निघाला असता तर मी आनंदानं गेलो असतो.

हे सगळं इतिहासजमा आहे असं वाटत असेल तर २०२४ चा उन्हाळा आठवा. कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव भडकले, आणि एप्रिलमध्ये इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या चाळीसहून अधिक विद्यार्थिनी जुलाब-उलट्यांनी रुग्णालयात दाखल झाल्या. काहींच्या नमुन्यांत पटकीचे जंतू निघाले. या भावी डॉक्टर, वयानं विशीतल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या. त्यांच्या प्रकृतीत खोट नव्हती.

१८९६ मध्ये हेसरघट्टाचं पाणी नळानं आलं तेव्हा दिवाण शेषाद्री अय्यरांचं हे शहर तलाव आणि विहिरी सोडून नळावर आलं. आज कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून येतं, पण ते तुमच्या तोंडात जाण्याआधी इमारतीखालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, थांबतं, तिथून गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि मध्ये टँकरचं पाणीही मिसळतं. कावेरीपाशी शुद्ध असलेलं पाणी इथं शुद्ध राहीलच याची हमी कुणाकडे नाही. सांडपाण्याची वाहिनी संपशेजारूनच जात असेल तर विचारूच नका.

तेव्हा आजोबांशी वाद घालत बसण्यापेक्षा एक करा. सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारा, संप शेवटचा कधी उपसून धुतला होता, आणि पाण्याची जंतुतपासणी कधी झाली होती. उत्तर आलं नाही तर नमुना स्वतः नेऊन प्रयोगशाळेत द्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये, एकही नाही. अहवालात काहीही सापडलं तर तो लिफ्टशेजारच्या फलकावर लावा.